हात फिरवलंस मां?

बसा. रॅकचा रंग वाळायला अजून तासभर लागेल. ओल्या रंगावर डंबेल ठेवलीत तर सकाळी येणारे मलाच बोलतील. मयूर, तो पंखा जरा इकडे फिरव. दर्शना, तू मॅटवर बस, बेंचवर नको. बेंच आत्ताच पुसलाय.

कार्ड भरलंस का रे, मयूर? आण इकडे. पुसणं, टिक. तेल, टिक. नट-बोल्ट, टिक. केबल... टिक. सातही मशीनना टिक. अक्षर छान आहे तुझं. केबलवर हात फिरवला?

"मारला ना काका."

मारला. बरं.

नाही रे, रागावलो नाही. रागवायला अंगात जोर लागतो. सकाळी साडेपाचला हे शटर उघडायचं, रात्री साडेदहाला पाडायचं, मधल्या वेळात लोकांनी बाकावर सोडलेला घाम पुसायचा. सत्तरी गाठली मी यातच. घामातलं मीठ लोखंड खातं, हे या काळाचौकीतल्या चार पिढ्यांना सांगून झालं. पुसतो कोण? आरशात दंड बघून झाले की निघाले. तुम्ही दोघं महिन्यातून एकदा थांबता हातभार लावायला, हेच खूप आहे. म्हणून तर सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. दर्शना, तुलासुद्धा नाही. आणि तू त्यात आहेस.

हसू नकोस. ऐक.

रघुवीरला ओळखता ना? आपल्या मशीनची सर्व्हिस करणारा. शिवडीला राहतो, पंचेचाळिशीचा असेल, कमी बोलतो. आता येतो तो नेहमी जोडीदाराला घेऊनच येतो, आणि काम झालं की त्याच्या मागोमाग बाहेर पडतो. एकटा कधीच थांबत नाही. का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी विचारलं होतं.

त्याच्या आधी एक शब्द समजून घ्या. हात फिरवणं.

आता तुम्ही हात फिरवला म्हणता, म्हणजे फडकं मारलं. वरच्यावर. आमच्या मिलमध्ये त्याचा अर्थ वेगळा होता. माल वर न्यायची लिफ्ट होती, तिला लोखंडी तारांचा दोर. एका दोरात शंभर बारीक तारा पिळलेल्या. त्यातली एक तुटली तर डोळ्याला दिसत नाही. म्हणून काय करायचं, मुठीत कापसाची वात धरायची, पिंजलेल्या कापसाची, आणि ती मूठ दोरावरून सावकाश फिरवायची. वरपासून खालपर्यंत. जिथे तार तुटलेली असेल तिथे तिचं टोक वर आलेलं असतं. कापूस तिथे अडकतो. बोटभर पुंजका तिथेच राहतो. तो दिसला की दोर बाद. याला म्हणायचं हात फिरवणं.

हे मला शिकवलं दगडू मास्तरांनी. तिथे भिंतीवर मारुतीच्या खाली फोटो आहे ना, हार घातलेला, ते. मिलमध्ये फिटर होते, मालवणचे. मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली. संपात मिल गेली, मग त्यांनी ही व्यायामशाळा धरली. तेव्हा इथे तांबडी माती होती, मशीनबिशीन काही नव्हतं, मग हळूहळू आली. मास्तर रोज रात्री शटर पाडायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "हात फिरवलंस मां?" मालवणीत. फिरवलास ना, म्हणून. आणखी एक सांगायचे, "वजन आपटूचा नाय, ठेवूचा." त्यांनी वजन खाली ठेवलेलं कोणाला ऐकू यायचं नाही. दोन हजार चार साली गेले. रघुवीर इथे यायला लागला दोन हजार सतरात. त्याने मास्तरांचा फोटो पाहिलेला, आवाज कधी ऐकला नाही. हे लक्षात ठेवा.

आता ती रात्र. एकवीस डिसेंबर, दोन हजार तेवीस. गुरुवार. मार्गशीर्षातला दुसरा. तारीख मला पाठ आहे, कारण ते कार्ड मी जपून ठेवलंय.

रघुवीर आला तेव्हा साडेदहा वाजले होते. मी शेवटच्या दोघांना हाकलून शटर अर्धं पाडलं होतं. तो खाली वाकून आत आला आणि तसाच दोन मिनिटं वाकून राहिला, हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, काय रे?

"काय नाय काका. कंबर. सकाळी गिरगाव, मग दादर, मग शीव कोळीवाडा. चौथी जिम ही. दौलत गावी गेलाय, त्याच्या आईचं वर्षश्राद्ध आहे. एकट्यानेच ओढतोय आठवडाभर."

दौलत त्याचा जोडीदार. दोघांचं काम दोघांनी केलं तर दीड तास लागतो. मी म्हटलं, उद्या ये. तो म्हणाला, उद्या परळला दोन आहेत. आणि उद्यापर्यंत ठेवलं तर पुढच्या आठवड्यावर जाईल. मग लागला कामाला.

मी पंधरा मिनिटं बसलो त्याच्यासोबत. माणूस दमलेला असला तरी हाताला वळण होतं. गाद्या साबणाच्या पाण्याने पुसल्या, मग कोरड्या कपड्याने. वजनाच्या पाट्या ज्या दोन दांड्यांवरून सरकतात ना, त्या दांड्या पुसल्या, त्यावर तेलाचा फवारा मारला. बोल्ट आवळले. आवळताना डोळे मिटत होते त्याचे.

मध्येच बायकोचा फोन आला. शेवंती तिचं नाव. स्पीकरवर टाकला होता, म्हणून मला ऐकू आलं. "नैवेद्याचं पान झाकून ठेवलंय. तुम्ही आल्याशिवाय मी उपास सोडणार नाही. येताय ना?" तो म्हणाला, निघतोच. निघतोच कसला, अजून निम्मं काम बाकी होतं.

मी उठलो. तेव्हा तो म्हणाला... हे मी नीट सांगतो, कारण हे मला अजून खातं. तो म्हणाला, "काका, जाण्याआधी पाच मिनिटं लॅटचा बार धराल का?"

लॅट पुलडाऊन म्हणजे ते, कोपऱ्यातलं. बसायचं आणि वरचा बार छातीपर्यंत ओढायचा. त्याची केबल वर पुलीवरून जाते. आता बघा, केबल झिजते कुठे? जिथे ती रोज पुलीवर वाकलेली असते तिथे. आणि नेमकी तीच जागा पुलीच्या खाचेत लपलेली असते. बार खाली ओढला तरच ती जागा खाली येते, हाताला लागते. नुसता रिकामा ओढूनही उपयोग नाही. चांगलं आठ-नऊ पाट्यांचं वजन लावून ओढायचं, धरून ठेवायचं. केबल ताणली की तुटलेल्या तारेचं टोक प्लास्टिकच्या कवचातून वर येतं. एकाने धरायचं, दुसऱ्याने हात फिरवायचा. दोघांचं काम आहे ते.

मी म्हटलं, "पायात गोळे आलेत रे. पुढच्या वेळी दौलत असेल तेव्हा बघा. चावी वर आणून दे."

एवढंच म्हटलं. मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला माणूस मी, आणि हे म्हटलं. त्याने मान हलवली. मी तीन जिने चढलो, पाय पोटाशी घेतले आणि झोपलो.

आता पुढचं सगळं रघुवीरने मला सांगितलेलं. दहा दिवसांनी सांगितलं, खालच्या कट्ट्यावर बसून, चहा गार होईपर्यंत. त्यात मी पदरचं काही घालत नाही.

अकरा चाळीस झाले. पुसून झालं, तेल झालं, बोल्ट झाले. त्याने सगळ्या ट्यूब बंद केल्या, दाराजवळची एक ठेवली. बाकावर बसला, मांडीवर कार्ड घेतलं. सात मशीन. पुसणं, टिक. तेल, टिक. नट-बोल्ट, टिक. केबलच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याच्या डोळ्यांसमोर ते झाकलेलं पान होतं आणि त्याच्या शेजारी उपाशी बसलेली बायको. तो म्हणाला, काका, मी स्वतःला सांगितलं, फडकं तर सगळ्या केबलवरून मारलंच आहे. म्हणजे हात फिरवल्यासारखंच आहे.

आणि टिक केली. सातही.

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "हात फिरवलंस मां?"

त्याला वाटलं मीच परत आलो. मालवणीत का बोलतोय, एवढाही विचार आला नाही. मान वळवायलाही त्राण नव्हतं. तो तसाच म्हणाला, "हो काका. फिरवला."



त्याने पेन खिशाला लावलं. हत्यारांची पिशवी जवळ ओढली. मग त्याच्या ध्यानात आलं की शटर त्याच्या समोर आहे. अर्धं पाडलेलं. मी आलो असतो तर त्याच्या समोरून आलो असतो.

मागे फक्त मशीन होती. आणि भिंत.

"हात फिरवलंस मां रे?"

या वेळी जवळून. रागाने नाही, बरं का. रघुवीर म्हणाला, आवाजात राग अजिबात नव्हता. खूप दमलेला आवाज होता. डबल पाळी करून आलेल्या माणसाचा असतो तसा. विचारायचंय म्हणून विचारतोय, पण उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे...

मी त्याला विचारलं, तू पळाला का नाहीस रे? तर म्हणतो, "काका, खरं सांगू? उठायचा कंटाळा आला होता. भीती वाटायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं."

मग आवाज आला. पुलीचा.

मघाशीच तेल दिलेली पुली. तिचा आवाज कसा, अगदी बारीक. सुर्रर्र...

त्याने मान वळवली.

कोपऱ्यातल्या लॅटचा बार खाली येत होता.

सावकाश.

सीटवर कोणी नाही. बारला कोणी धरलेलं नाही. आणि बार खाली येतोय. मागे पाट्या वर चढतायत. एक नाही, दोन नाही. किती पाट्या उचलायच्या ते ठरवणारी पिन त्याने पहिल्या पाटीत लावून ठेवली होती, पुसताना. आता पिन नवव्या पाटीत होती.

बार छातीच्या उंचीला आला.

थांबला.

नऊ पाट्या वर... हवेत.

थांबूनच राहिल्या.

किती वेळ, त्याला सांगता येत नाही. ट्यूब चालू होती. बाहेर एक रिक्षा... नाही, रिक्षा कुठली इथे, टॅक्सी. टॅक्सी गेली. पाट्या तशाच. फक्त बारची दोन्ही टोकं थोडी थोडी थरथरत होती. वजन धरून ठेवलेल्या माणसाचे हात थरथरतात ना... तशी.

कोणीतरी त्याच्यासाठी बार धरला होता.

जो मी धरला नाही.

रघुवीर उठला. कसा उठला, ठाऊक नाही. तो म्हणतो, माझ्या मनात एवढंच आलं की समोरच्याचे हात दुखत असतील. बिचारा किती वेळ धरणार.

गेला जवळ. बाजूला उभा राहिला. सीटच्या समोर नाही. समोर जायची हिंमत झाली नाही. हात वर केला. पुलीतून उतरलेली केबल आता त्याच्या डोळ्यांच्या वर वीतभर होती.

"फिरव."

कानाशी.

त्याने फिरवला. फडकं नाही. बोटं.

वरून खाली. गुळगुळीत... गुळगुळीत... गुळगुळीत...

टच्च.

सुईसारखं टोक बोटात घुसलं. प्लास्टिक फुटलेलं, आतून तारा आलेल्या बाहेर. एक नाही, झुपकाच. रक्त मनगटापर्यंत आलं.

आणि मग पाट्या खाली आल्या. रघुवीर म्हणाला, बार खाली येताना मी घाबरलो नाही, आवाज ऐकून नाही. घाबरलो तो तेव्हा. नऊ पाट्या खाली आल्या, खालच्या पाट्यांवर टेकल्या... आणि आवाज झाला नाही.

काहीच नाही.

आपटल्या नाहीत. ठेवल्या.

...

पाणी दे रे जरा.

त्याने "बंद" ची पाटी लॅटला अडकवली, पिशवी उचलली आणि निघाला. बाकीच्या सहा मशीनकडे वळून बघितलं नाही. बघवलंच नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी माझं दार वाजलं. मी अर्धवट झोपेत. बोटाला फडकं गुंडाळलेलं, ओठ पांढरे. चावी हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "लॅटवर कोणाला बसू देऊ नका." मी म्हटलं, लागलं का रे? तोपर्यंत तो जिना उतरला होता.

मी पुन्हा झोपलो. झोप लागली मला, हे पण सांगतो.

शुक्रवार, बावीस तारीख. साडेपाचला शटर वर केलं. लॅटला पाटी होती. टेबलावर कार्ड होतं, सातही मशीनना केबलची टिक, त्यातली लॅटची खोडलेली. मी मारुतीला उदबत्ती लावत होतो आणि ही आली. दर्शना. तेव्हा तुझी पोलीस भरती पंधरा दिवसांवर होती. आठवतं? घरी बाबांना बरं नव्हतं, दोन वर्षं तू याच एका गोष्टीसाठी घासत होतीस, वयाचीही शेवटची संधी. लॅट बंद बघून तुझं तोंड उतरलं.

"काका, आज पाठीचा व्यायाम आहे माझा."

मी म्हटलं, रो कर. बसून ओढायचं ते. मीच म्हटलं. कार्डावर टिक होती ना.

तू बसलीस. पाय टेकवलेस. पिन लावलीस, पुढे वाकून हँडल धरलंस. मी उदबत्ती खोचली आणि वळलो. आणि मला दिसलं.

केबलवर. खालच्या पुलीच्या जरा पुढे. पांढरं काहीतरी.

मला वाटलं रघुवीरच्या बोटाला बांधलेल्या फडक्याचा धागा. घाण राहिलेली मला चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुला म्हटलं थांब, आणि वाकून ते चिमटीत धरलं, ओढलं.

आलं नाही.

फडकं नव्हतं ते. कापूस होता. पिंजलेला. बोटभर पुंजका... आणि तो केबलला अडकला होता.

मी तुझ्यावर किती जोरात ओरडलो, ते तुला आठवत असेल. "ऊठ! ऊठ आधी! घरी जा!" तू रडत गेलीस. चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तुला वाटलं, म्हातारा उगाच अपमान करतो. मी काय सांगणार होतो? कापूस दिसला म्हणून?

दुपारी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून ती केबल कापली. कवच सोललं. आत दोन तारा शाबूत होत्या. दोन. बाकी सगळ्या तुटलेल्या. तू पाय रोवून, सगळं अंग मागे टाकून ओढलं असतंस, तर ते लोखंडी हँडल सुटून कुठे लागलं असतं? दातांवर, नाहीतर डोळ्यावर. डोकं मागे फरशीवर आपटलं असतं ते वेगळं. आज तू खाकी घालून नायगावला हजेरी लावतेस, तेव्हा मी मारुतीला एक जास्तीची उदबत्ती लावतो. कोणासाठी, ते आता कळलं असेल.

रघुवीर तुझ्या मशीनच्या केबलवर बोट न फिरवता गेला होता. टिक मात्र त्याने केली होती. मग त्या केबलवरून हात कोणी फिरवला?

दहा दिवसांनी त्याने जेव्हा मला ते शब्द सांगितले, "हात फिरवलंस मां", तेव्हा मी त्याला ते दोनदा म्हणायला लावलं. त्याला मी मास्तरांची एक गोष्ट सांगितली, जी इथे कोणाला ठाऊक नाही. एकोणऐंशी साली आमच्या मिलमधल्या लिफ्टचा दोर तुटला. खाली एक माणूस होता, कापसाच्या गाठी वाहणारा. साताऱ्याकडचा. जागच्या जागी गेला. त्या दिवशी दोर तपासायचं काम मास्तरांचं होतं. डबल पाळी झाली होती त्यांची. साहेबाने विचारलं, हात फिरवला? मास्तर म्हणाले, फिरवला. फिरवला नव्हता. आयुष्यात एकदाच. दमले होते हो... फक्त दमले होते. त्यानंतर पंचवीस वर्षं ते आम्हाला तोच प्रश्न विचारत राहिले. मला वाटायचं आम्हाला विचारतायत.

तर असं आहे, मयूर.

म्हणून म्हणतो, टिक करू नकोस आधी. आणि एकट्याने करू नकोस. दमला असलास तर सरळ सांग, दमलो. मशीनवर बंदची पाटी लाव आणि घरी जा. पाटीने कोणी मरत नाही. मी स्वतः फिरवला असता हात, पण आता उपयोग नाही. साखरेने बोटांची जाणीव गेली माझ्या. गरम चहाचा ग्लास धरला तरी कळत नाही. काल सुरीने कापलं, रक्त दिसलं तेव्हा समजलं. या बोटांवरून केबल फिरवली काय नि साप फिरवला काय. तुमच्या बोटांवर आहे आता हे सगळं. खरं सांगायचं तर मला झोप येत नाही त्या काळजीने.

त्या कापसाचं काय केलं?

आहे ना. ती टेबलाच्या खणात हिंगाची रिकामी डबी आहे, ती आण. हळू. आत आहे. मी फेकला नाही. मिल मोडून तिथे टॉवर उभा राहिलाय, वर पोहायचा तलाव आहे म्हणतात. या वस्तीत पिंजलेला कापूस येणार कुठून? आणि वास घे. हिंगाचा नाही... त्याच्या खालचा. मिलमधल्या तेलाचा आहे तो. आम्ही घरी गेलो तरी अंगाला यायचा. चाळीस वर्षांत मी तो वास कुठे घेतला नाही.

दोन वर्षं झाली डबी बंद आहे. तेल एव्हाना सुकायला हवं. मला बघून तो ओला वाटतो. पण नुसतं बघून काय कळतं? आणि हात लावला तर माझ्या बोटांना समजत नाही. म्हणून कितीतरी दिवस कोणाला तरी विचारायचं होतं. दर्शना, तू लाव बोट. तुझ्यासाठीच होता तो.

लाव. काही होत नाही.

...

काय गं?

...

दर्शना?

...पुसू नकोस. ट्रॅकपँटला पुसू नकोस ते. मयूर, मोबाइलची टॉर्च मार इकडे, तिच्या बोटावर.

तेल आहे ना? अजून ओलं?